कनकीवरच्या कोंबड्या

कामठा,
सोमवार, २४ नोव्हेंबर

प्रिय डिंपल,

जुलैमधल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की गटाच्या बैठकीत तुझी आई एक शब्दही बोलली नाही. ते चूक आहे. ती एक वाक्य बोलली होती. "कोंबड्या कोंडून हायेत बाई, नुसत्या कनकीवर हायेत." गटाची सचिव म्हणून मी वही मांडीवर घेऊन समोरच बसले होते आणि मला ते स्पष्ट ऐकू आलं होतं. मी ते वहीत लिहिलं नाही आणि तुलाही कळवलं नाही. तेव्हा मला ती सबब वाटली होती. सबब कशाला लिहायची, असं मनात आलं आणि पेन पुढे गेलं.

आता सगळं क्रमाने सांगते, कारण मागच्या वेळी मी क्रम सोडून निकालच आधी सांगितला होता. तुला आठवत असेल, आमच्या गटात आठ घरं आहेत. दर रविवारी आठही घरांची अंडी मी गोंदियाच्या एका कॉलनीत न्यायचे. कोणाचं अंडं कोणतं ते कळावं म्हणून प्रत्येकीने पेन्सिलने खूण करायची असं ठरलं होतं. तुझ्या आईची, शामकलाकाकूची खूण म्हणजे दोन आडव्या रेघा. जूनच्या शेवटच्या रविवारी तिथल्या एका बाईंनी मला दारातच थांबवलं आणि फोडलेल्या अंड्याची वाटी पुढे करून बलकाकडे बोट दाखवलं. "दीदी, ये देसी नहीं है. जर्दी देखो, कितनी फीकी है. फार्म का अंडा देसी बोलके दे रहे हो?" टरफल त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यावर दोन आडव्या रेघा होत्या. घरी येईपर्यंत बसमध्ये माझे कान तापलेले होते.

दोन दिवसांनी, जुलैच्या पहिल्या मंगळवारी बैठक होती. मी प्रत्येकीकडून एकेक अंडं आणायला सांगितलं आणि गटातल्या सुलोचनाबाईंच्या ओसरीवर आठ ताटल्यांत आठ अंडी फोडली. सात बलक गडद होते, आमचा तर पिकल्या टेंभरासारखा केशरी. काकूचा लिंबाच्या सालीसारखा फिकट. बायका वाकून वाकून बघत होत्या. एकजण म्हणाली, "हे त हळद सांडलेलं ताक होय!" सगळ्या हसल्या. मीही हसले होते. हे मी तुला मागच्या वेळी लिहिलं नव्हतं, तेही आता लिहिते. मग मी वहीत लिहिलं, शामकला यांची अंडी फार्मची आढळली, पुढील निर्णयापर्यंत त्यांची अंडी घेऊ नयेत. आठही जणींनी खाली सह्या केल्या. काकूनेही केली.

पुरावा डोळ्यांसमोर होता आणि मी तो नीट मांडला होता, याचं मला तेव्हा समाधानच वाटत होतं. तुला माहीत आहे, पहिली-दुसरी मी घरीच, बाबांजवळ शिकले. गणित चुकलं तर बाबा पान फाडू द्यायचे नाहीत. चुकलेलं तसंच ठेवायचं आणि खाली बरोबर करून दाखवायचं. त्यामुळे शाळेत गेल्यावर माझी वही सगळ्यांत घाणेरडी असायची आणि तुझी सगळ्यांत स्वच्छ, कारण तू पानं फाडायचीस. पण त्या दिवशी माझी वही स्वच्छ होती. कुठे खाडाखोड नव्हती. तिथेच मला शंका यायला हवी होती.

आता दिवाळीनंतरचं सांगते. यंदा आमच्या घरामागच्या बांधीतला धान आधी कापला आणि त्याच्या कडपा तिथेच वाळत पडल्या. कोंबड्या मोकळ्या सोडल्या तर धान विस्कटतात, म्हणून आईने त्या खुराड्यात कोंडल्या. खायला काय, तर घरात जे होतं ते. गिरणीतला तुटका तांदूळ, म्हणजे कनकी, आणि थोडा कोंडा. दहा-बारा दिवस गेले असतील. एका सकाळी मी बाबांसाठी भुर्जी करायला अंडं फोडलं. बलक फिकट होता. दुसरं फोडलं, तेही तसंच. तिसरं फोडायला घेतलं तेव्हा आई म्हणाली, "काऊन फोडून राहिली वो सगळी? पाहुणे येऊन राहिले का?" मी तिला काय सांगणार! आमच्या घरात फार्मचं अंडं कधी आलं नाही. त्याच कोंबड्या, तेच खुराडं. फक्त त्या बाहेर चरत नव्हत्या.

तेव्हा मला काकूचं वाक्य आठवलं. डिंपल, तुझं घर गावाच्या टोकाला आणि मागच्या पायरीला लागूनच सुलोचनाबाईंची बांधी. जूनमध्ये तिथे धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले होते. कोंबड्या कोवळे पऱ्हे उपटतात म्हणून दरवर्षी त्या दिवसांत काकू त्यांना कोंडते. लहानपणी त्या कोंडलेल्या कोंबड्यांना आपण दोघी पाणी द्यायला जायचो, एक तांब्या तुझ्या हातात आणि एक माझ्या. म्हणजे मला हे माहीत होतं. सुलोचनाबाईंनाही माहीत असणार, पण मी त्यांच्यावर ढकलत नाही. त्यांच्या हातात वही नव्हती.

तरीही माझा स्वतःवर विश्वास बसेना. एकदा घाईने निकाल लावला होता, आता उलटा निकालही घाईने लावायचा नव्हता. मी सहा कोंबड्या निवडल्या आणि दोन-दोनच्या तीन जोड्या वेगळ्या केल्या. पहिल्या जोडीला कनकी आणि कोंडा, बाकी काही नाही. दुसरीला तीच कनकी, पण सोबत मका, शेवग्याचा पाला आणि दिवाळीच्या तोरणांतल्या झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या. तिसरीला कनकीत सुके झिंगे कुटून घातले, मामाने नवेगाव बांधच्या तलावावरून आणलेले. रोज कोणतं अंडं कुणाचं ते टरफलावर लिहून ठेवलं. आठव्या दिवशी झेंडूवाल्या अंड्यातल्या बलकाचा रंग फिरायला लागला. बाराव्या दिवशी तो जुलैतल्या आमच्या बलकापेक्षाही लाल होता. कनकीवाल्या जोडीचा अजून फिकटच आहे. म्हणजे रंग खाण्याचा आहे, जातीचा नाही आणि प्रामाणिकपणाचा तर मुळीच नाही. फार्मच्या कोंबडीलाही झेंडू खाऊ घातला तर तिचं अंडं त्या कॉलनीतल्या बाईंना पसंत पडेल.

मग चवीचं पाहिलं. तिन्ही अंडी उकडली आणि बाबांच्या डोळ्यांवर त्यांचाच दुपट्टा बांधला. ते म्हणाले, "मास्तरीण झाली आता! बापाचाच पेपर घेऊन राहिली." कनकीचं आणि झेंडूचं त्यांना ओळखता आलं नाही. तीनदा विचारलं, तीनदा वेगळं सांगितलं. दुपट्टा सोडून दोन्ही ताटलीत ठेवली तेव्हा मात्र लाल बलकाकडे बोट दाखवून लगेच म्हणाले, "हे चांगलं लागते." मी म्हटलं, बाबा, आत्ता तुम्ही हेच बेचव म्हणालात. तर म्हणे, "तवा दिसत नव्हतं ना!" तिसरं अंडं मात्र पहिल्या घासालाच कळलं. "यात त झिंग्याचा वास येऊन राहिला. कोंबडी पोहाले गेली होती का?" आई पदर तोंडावर धरून हसत होती. मीही हसले, आणि मग ताटल्या घेऊन मागच्या दारी घासायला गेले. इतकं साधं होतं ते. चार महिन्यांपूर्वी काकूच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून बारा दिवस थांबले असते तर सगळं तेव्हाच कळलं असतं.

गुरुवारी मी काकूकडे गेले. ती अंगणात नवा धान सुपाने पाखडत होती. तू शेवटचं पाहिलंस त्यापेक्षा ती बारीक झाली आहे, पण तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस. गुडघ्याचं तेवढं चालूच आहे. खुराड्याचं दार उघडं होतं आणि आत लाकडं रचली होती. कोंबड्या तिने ऑगस्टमध्येच बाजारात नेऊन विकल्या. विहिरीवर बायका गंमत करायच्या, "का वो शामकला, आज देशी का फार्म?" तिला ते सोसेना. हे मला गावात राहूनही माहीत नव्हतं. तेव्हापासून ती बैठकीला येत नव्हती आणि मला वाटायचं, शरमेने येत नसेल.

मी दोन ताटल्या आणि दोन अंडी, एक कनकीचं आणि एक झेंडूचं, घेऊन गेले होते. तिच्यासमोर फोडून दाखवली आणि सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "मंग? हे त मले माहीतच होतं. कनकीवर बलक असाच येते. माझ्या सासूलेही माहीत होतं." मी म्हटलं, मग काकू, त्या दिवशी तू भांडली का नाहीस? सात बायकांसमोर गप्प कशी बसलीस? तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. "गप्प कुठं बसली? सांगितलं ना, कनकीवर हायेत म्हणून. तू खाली मान घालून लिहून राहिली होती. मले वाटलं, लिहून घेतलं असशीन. लिहिलेलं वाचून ठरवतीन बाया, आपण कायले ओरडाचं?" सही तिने त्यासाठीच केली होती, डिंपल. आपलं म्हणणं त्या पानावर आहे असं समजून. तिला सहीपुरतंच लिहिता येतं, वाचता येत नाही हे मला माहीत आहे, आणि मी ते पान वाचून दाखवलं नव्हतं.

मला रडू आलं. ती मला रागावली. "काऊन रडून राहिली? अंडी फोडून झाली, आता डोळे फोडते का?" मग आत गेली, चहा ठेवला, आणि चहा होईपर्यंत तुझ्याबद्दलच बोलत राहिली. मी सांगितलं की पुढच्या बैठकीत, दोन डिसेंबरला, मी सगळ्यांसमोर चूक कबूल करणार आहे. ते पान फाडणार नाही. त्याच पानावर खाली तिचं वाक्य लिहीन, माझी चूक लिहीन, मोठ्याने वाचून दाखवीन आणि पुन्हा आठ सह्या घेईन. माझं सचिवपद ठेवायचं की काढायचं ते त्यांनी ठरवावं. काकू म्हणाली, "कायले? जाऊ दे. तुले नावं ठेवतीन बाया. लग्नाची पोरगी तू." तिला माझी काळजी! तिचं तोंड बघून मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तोपर्यंत मी तिला अर्धंच सांगितलं होतं. चहा पिताना ती म्हणाली, "डिंपल यंदा दिवाळीले नाई आली. सुट्टी नाई भेटली पोरीले. नागपूरच्या दवाखान्यातले पेशंट टाकून कशी येईन?" शेजारणींनाही ती हेच सांगते, आणि तुझ्या नर्सच्या कपड्यांतला फोटो दाखवते. माझ्या फोनमध्ये तुझा दिवाळीआधीचा मेसेज आहे. "सुट्टी आहे, पण आईसमोर यावंसं वाटत नाही. तिनं गावाला फसवलं. तू तिला यातलं काही सांगू नको." मी हो म्हटलं होतं. काकूला हेही माहीत नाही की ते सगळं तुला मी लिहून कळवलं. बैठकीत मी वही दुरुस्त करीन, पण तुला पाठवलेलं पत्र वहीत नाही. तू तुझ्या आईला जे समजलीस ते माझ्या पत्रामुळे, आणि त्या पत्रातून तिचं वाक्य मी गाळलं होतं. सुट्टी नव्हती या खोट्यावर ती नागपूरकडे डोळे लावून बसली आहे आणि ते खोटं मी माझ्या 'हो'ने राखते आहे. ते मला आता राखता येणार नाही. तुला दिलेला शब्द मी मोडणार आहे, पण तुझ्या पाठीमागे मोडायचा नाही, म्हणून हे पत्र. आज स्पीड पोस्टने टाकते, शुक्रवारपर्यंत मिळेल. मध्ये शनिवार-रविवार आहे. तेवढ्यात तू स्वतः तिला फोन केलास तर मी फक्त माझ्या वाट्याचं बोलेन. नाही केलास तर तुझ्या सुट्टीचंही मीच सांगेन. काहीही झालं तरी मी तिच्या घरी जाणार आहे, बैठकीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बैठकीला यायचं की नाही ते तिला सगळं कळल्यावर ठरवता येईल. सोमवार, एक डिसेंबर, सकाळी आठ वाजता, ती शेतावर निघायच्या आत.

तू ठेवशील तर तुझीच,
दामिनी