पडदा उघडला की

प्रिय धाकट्या,

कितीतरी दिवसांनी लिहितोय. इथे सकाळी धुकं असतं. सायकलवरून निघालो की रस्ता पुढे-पुढे उलगडत जातो, आणि आपण अजून झोपेतच आहोत की काय असं वाटतं. पोलिसाचं काम असं मऊ असू शकतं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत ठाऊक नव्हतं.

आमच्या ठाण्याने एक नवीन काम सुरू केलंय. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी सकाळी उठल्यावर रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा बाजूला सारायचा. आम्ही सायकलवरून बघत जायचं. पडदा उघडा दिसला की पुढे, बंद दिसला की दार वाजवायचं. बस, एवढंच. ठाण्यात पोरं मला ‘पडदेवाले काका’ म्हणून चिडवतात. चिडवू देत. धुक्यात एकेक पडदा सरकतो, आतला पिवळा दिवा दिसतो, आणि माझ्या तोंडून आपोआप देवाचं नाव येतं. याहून वेगळी पूजा मला जमत नाही.

कोपऱ्यावर एक शिवणकाम करणाऱ्या आजी आहेत. परवा त्यांच्या खिडकीला पडदाच नव्हता! नुसती काच, आत अंधार. उघडा नाही, बंद नाही, आता काय समजायचं? सायकल तिथेच टाकली. दार बडवलं, हाका मारल्या, शेवटी खांदा लावणार तोच मागून आवाज आला, “अरे मेल्या, दार मोडतोस की काय? पडदा धुवायला काढलाय!” आजी ओला पडदा खांद्यावर टाकून अंगणात उभ्या. आजूबाजूच्या खिडक्यांतून सगळे हसत होते. मीही हसलो, पण हसता हसता पायरीवरच बसून घेतलं. आजींनी ते पाहिलं असावं. चहा देताना हळूच म्हणाल्या, “पूर्वी उठावंसंच वाटायचं नाही रे. आता वाटतं, तो येईल, पडदा बंद दिसला तर उगाच घाबरेल. म्हणून उठते.”

ते वाक्य दिवसभर माझ्याबरोबर सायकलवर बसून फिरलं. मला वाटत होतं, मी त्यांच्यावर लक्ष ठेवतोय.

त्याच संध्याकाळी आपल्या आबांना फोन केला. आवाज खोल गेलाय त्यांचा. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाले, बरंय. जेवणाचं विचारलं, बरंय. मग मी त्यांना पडद्यांची गोष्ट सांगितली. खूप हसले, आपण लहान असताना हसायचे तसे. मग म्हणाले, “तुझं बरंय, लोकांच्या आईबापांच्या खिडक्या बघत फिरतोस.” टोमणा नव्हता तो, म्हणून जास्त लागला. मी इतक्या लांब. मी बोलून गेलो, “आबा, तुम्हीही पडदा उघडत जा. बघणारं माणूस आहे.” कोण, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

धाकट्या, तुझ्या लग्नाच्या वेळी ते जे बोलले ते विसर, असं मी म्हणणार नाही. ते माझ्याच्यानेही विसरवत नाही. त्यांच्या घरात जाऊ नकोस, बोलू नकोस. फक्त सकाळी चहा ठेवताना गल्लीपलीकडे एक नजर टाक. पडदा उघडा असला तर तुझा चहा पी. बंद असला तर मात्र मागचं काही आठवत बसू नकोस, चप्पलही न घालता धाव. हे पत्र एवढ्यासाठीच. त्या दिवशी फोन ठेवताना मी त्यांना सांगितलं होतं, मोठ्या रस्त्याकडच्या खिडकीला पडदा लावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. काल त्यांचा फोन आला. नवा पडदा आणलाय म्हणे, लावलासुद्धा. रस्त्याकडच्या नाही, तुझ्या स्वयंपाकघरासमोरच्या खिडकीला.

तुझाच,
थोरला