बॉनेटवरची हळद

२८ सप्टेंबर, रविवार

गाडी धुतली. दीड तास. एवढ्या वेळात सबंध घर पुसून झालं असतं. दोन बादल्या, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ फडकं. वरून खाली, सरळ. गोल गोल नाही. कडांवर जोराची धार मारायची नाही, फिल्मची कड उचलते. सगळं सु.ने पाठवलेल्या यादीबरहुकूम. सु. म्हणजे आमचे हे, सुहास, जहाजावर सेकंड इंजिनियर. सध्या आफ्रिकेच्या खाली कुठेतरी आहे आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतोय. "पक्ष्याची घाण दिसली की लगेच ओल्या फडक्याने टिपायची, सुकू द्यायची नाही." मला ताप आला तेव्हा इतके मेसेज आले नव्हते.

आई (सासूबाई) पायरीवर बसून बघत होत्या. "गाडी धुत्येस की देव?"

समजावलं. म्हटलं, रंगावर पारदर्शक फिल्म चढवलीय, ओरखडा आला तर फिल्मवर येतो, खालचा रंग शाबूत.

"म्हणजे गाडीला जपायला फिल्म, आणि फिल्मला जपायला तू."

मी नुसतीच फडकं पिळत बसले.

२९ सप्टेंबर

आरे-वारेच्या रस्त्याने शाळेत. मालगुंडला पोचायला पाऊण तास. वर्षभरापूर्वी एसटीसाठी पहाटे साडेपाचला घर सोडायचे, आता पावणेसातला आरामात निघते. वाटेत समुद्राकडे बघत, मोठ्याने गात. गाडीत कोणी ऐकत नाही हे फार बरं. बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. आधीची गाडी दुसऱ्याच महिन्यात आमच्याच गेटच्या चिऱ्याला घासली, दोन दारं, आरपार. सु. अजून विसरला नाही.

म्हणून तर ही फिल्म. म्हणून तर अट. जूनमध्ये निघताना बॅग उचलता उचलता म्हणाला, "दिवाळीला येईन तेव्हा बघू. फिल्म धड असली तर गाडी तुझ्याकडे. नाहीतर पुढच्या खेपेला मी जहाजावर गेलो की गाडी दापोलीला, प्रशांतच्या शेडमध्ये." प्रशांत म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांची स्वतःची गाडी आहे. शेडमध्ये नुसती उभी राहणार आमची, कव्हर घालून.

मी "बरं" म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

आल्यावर नळीने खारं धुऊन काढलं. रोजचं आहे हे आता.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडीची पूजा झकास. झेंडूचा हार मुद्दाम चिकटपट्टी न लावता, दोऱ्याने बांधला (यादी!). चाकांखाली लिंबं. नारळ लांब दगडावर फोडला, शिंतोडेसुद्धा उडू दिले नाहीत.

आणि स्वस्तिक. मागल्या वर्षी पाण्यात कालवलेली हळद ओघळून बॉनेटभर झाली होती, म्हणून यंदा खोबरेल तेलात कालवली. घरची हळद, परसातली, आईंनी उकडून वाळवून कुटलेली. काय रेखीव आलं स्वस्तिक! जागचं हललं नाही. फोटो काढून सु.ला पाठवणार होते, पण जहाजावर रेंज नव्हती.

आई म्हणाल्या, आजच्या आज पुसू नको, उद्या पूस. बरं म्हटलं. गाडी पत्र्याच्या शेडखाली, सावलीत.

३ ऑक्टोबर

शाळेतून आल्यावर स्वस्तिक पुसलं. हळद गेली. स्वस्तिक गेलं नाही.

परत पुसलं. शॅम्पू. परत. फडकं पिवळं होणंसुद्धा थांबलं आणि बॉनेटच्या मधोमध वीतभर लांबीरुंदीचं पिवळंधमक स्वस्तिक तसंच. पांढरी गाडी. दहा पावलांवरून दिसतं.

करायला गेले गणपती आणि

जेवले नाही. आईंना म्हटलं डोकं दुखतंय.

४ ऑक्टोबर, शनिवार

लिहायला लाज वाटते. पण इथे नाही लिहायचं तर कुठे.

शाळेतून आल्याबरोबर घाईत कपड्यांचा साबण घेतला, ओल्या फडक्यावर चोळला आणि बॉनेटवर फिरवला. स्वस्तिक लाल झालं. माझ्या डोळ्यांदेखत, पिवळ्याचं लालभडक.

मी विज्ञान शिकवते. सातवीला दरवर्षी हळदीच्या कागदाची पट्टी साबणाच्या पाण्यात बुडवून दाखवते, "बघा मुलांनो, लाल झाली, म्हणजे साबण आम्लारी." मुलं दरवर्षी आ वासतात. आज मी आ वासून उभी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

लिंबू पिळलं. परत पिवळं. म्हणजे दोन तासांची मेहनत करून जिथे होते तिथेच. हसू पण आलं, रडू पण.

५ ऑक्टोबर

मिरजोळ्याला फिल्मवाल्याकडे गेले. ज्याने फिल्म बसवली तोच. सज्जन माणूस. बोट फिरवून बघितलं, म्हणाला, "मॅडम, हळद तेलात कालवली होती का?" माझी मान खाली. "तेलाने ती आत शिरली. वरून घासून जायची नाही आता. घासलंत तर फिल्म धुरकट होईल ते वेगळंच."

"मग?"

"बॉनेटचा तुकडा बदलायचा. पण माल मुंबईहून येतो, दिवाळीनंतर येईल."

सु. १९ला येतोय. दिवाळीच्या आदल्या दिवशी.

परतताना आरे-वारेच्या बाजूला उगाच गेले. गाडी थांबवून बसले थोडा वेळ. स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते हे घरी आल्यावर हात दुखले तेव्हा कळलं. मला ही गाडी पाहिजे. साडेपाचच्या एसटीचा कंटाळा म्हणून नाही. म्हणजे तोही आहेच. पण आयुष्यात पहिल्यांदा मला वाटेल तिथे मी वळू शकते. हे सु.ला कसं सांगणार? तो म्हणेल, वळ की, पण फिल्म सांभाळ.

७ ऑक्टोबर

रात्रीचा फोन. सु.: "गाडी कशी आहे?"

मी: "ठीक आहे."

व्हिडिओवर दाखव म्हणाला. मागून दाखवली. डिकी, मागचे दिवे, नंबरप्लेट. "छान ठेवल्येस," म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कव्हर आणलं. शाळेतून आलं की कव्हर. कोणी बघायला नको, आणि यादीतही आहेच: उन्हात उभी करायची नाही, उन्हाने फिल्म पिवळी पडते. हळद पडल्यावर आणखी काय पिवळी पडायची राहिल्ये.

८ ऑक्टोबर

शाळेतल्या शिपाईमामांनी विचारलं, "बाई, हे स्वस्तिकाचं स्टिकर कुठून घेतलंत? आमच्या टेम्पोला पण लावायचंय."

९ ऑक्टोबर

आज भडकले. आईंवर. नको होतं.

मी कव्हर घालत होते, त्या तुळशीपाशी. "अगो, झाकून ठेवलंस तर कशी जाईल ती? हळद उन्हाला टिकत नाय. माझ्या सगळ्या लुगड्यांचे डाग दगडावर उन्हात टाकूनच गेले. दोन दिवस उन्हात उभी कर."

मी म्हटलं, "आई, हे लुगडं नाही. तुम्हाला त्यातलं काही कळत नाही तर जरा गप्प बसा."

गप्प बसल्या. जेवताना पण. मला आमटी वाढली ती पण गप्पच वाढली.

लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यांना असं कधी बोलले नव्हते. एका फिल्मपायी.

१० ऑक्टोबर

दिवसभर वर्गात लक्ष नव्हतं. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं कपाट आवरताना गेल्या वर्षीच्या हळदीच्या पट्ट्या सापडल्या. काही खिडकीतच राहिल्या होत्या, त्या पांढऱ्याफटक. कपाटातल्या पिवळ्या. एकाच दिवशी केलेल्या.

मी तिथे स्टुलावर बसले. आई बरोबर सांगत होत्या. हळदीचा रंग प्रकाशात विटतो, हे मीच फळ्यावर लिहून दिलंय कित्येकदा. आणि चार दिवस मी तिला कव्हर घालून जपत्ये. डागाला!

फिल्मवाल्याला फोन केला. उन्हाने फिल्म खराब होईल का? "वर्षानुवर्षं उन्हात ठेवलीत तर वेगळं. आठवडाभराने काही होत नाही. हळदीचा प्रयोग मी केलेला नाही बाबा, पण बघा करून."

यादीत सु.ने 'ऊन नाही'खाली दोन रेघा मारल्यात. म्हणजे ऊन दिलं आणि जमलं नाही, तर दोन गुन्हे.

११ ऑक्टोबर, शनिवार

शाळा सकाळची. साडेअकराला घरी. कव्हर काढलं, गाडी शेडबाहेर, भर अंगणात. आईंना म्हटलं, "काढली उन्हात." त्या "हं" म्हणाल्या.

तीन वाजता आंब्याची सावली बॉनेटवर आली. गाडी पुढे घेतली. चारला परत. आई खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसल्या, हातात काठी. कावळे हाकलायला.

ऑक्टोबरचं ऊन. एरवी शिव्या देते मी त्याला.

१२ ऑक्टोबर

सबंध दिवस ऊन. संध्याकाळी बघितलं. फिकं वाटतं का? मला वाटतं. आईंना विचारलं. "डोळे माझे गेलेत, तू बघ." अजून राग आहे.

१३ ऑक्टोबर

फिकं आहे! नक्की. शाळेत पण गाडी मुद्दाम ग्राऊंडवर उन्हात लावली, सगळे स्टाफरूमच्या सावलीत जागा धरतात. हेडबाई म्हणाल्या, "बाई, बऱ्या आहात ना?"

१४ ऑक्टोबर

दुपारी गडगडाट, पाऊस. परतीचा. नेमका आजच. गाडी शेडमध्ये.

रात्री आईंच्या पायाला तेल लावायला बसले. म्हटलं, "आई, त्या दिवशी बोलले ते चुकलं माझं."

"बोललीस खरी." मग दुसरा पाय पुढे करून, "गाडी जाईल म्हणून घाबरलीस ना? मला एवढं कळतं हो." आणि मग, "तुझ्या गाडीतून मी गेल्या वर्षात तीनदा माहेरी जाऊन आले. त्याआधी सहा वर्षांत एकदा. मला काय ती जायला हवी आहे?"

मी तेल लावत राहिले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

१६ ऑक्टोबर

कालपासून सुट्टी. काल-आज कडक ऊन. समोरून काहीच दिसत नाही. बाजूने, मान वाकडी करून, संध्याकाळच्या तिरप्या उजेडात, ठाऊक असेल तर, एक रेघ दिसते.

ठाऊक असेल तरच.

१७ ऑक्टोबर

गेलं!

सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघितलं. बॅटरी मारून बघितलं. शेजारच्या वहिनींना बोलावून विचारलं, बॉनेटवर काही दिसतंय का? म्हणाल्या, "नाही, काय दिसायला पाहिजे?" मी म्हटलं, काही नाही, काही नाही. जीव भांड्यात पडला. घरात येऊन पंख्याखाली जमिनीवर सरळ आडवी झाले, लादी गार. आई म्हणाल्या, "आता तरी नीट जेव."

दोन वेळा भात घेतला.

१८ ऑक्टोबर

आता प्रश्न एकच. सांगायचं की नाही.

डाग नाही, पुरावा नाही. गप्प राहिले तर गाडी माझी. सांगितलं तर तो म्हणेल, बघ, म्हटलं नव्हतं. आईंना विचारलं तर "तुझं तू बघ" म्हणून चकलीच्या भाजणीत हात घालून मोकळ्या.

रोज "ठीक आहे" म्हटलंय मी त्याला. रोज. ते काही उन्हाने जायचं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी स्टेशनवर. बारीक झालाय. काळा पडलाय. दोन बॅगा. माझ्याकडे बघून हसला आणि मग गाडीकडे वळला. पूर्ण चक्कर मारली. दारांच्या कडा, आरसे, बंपर. बॉनेटपाशी वाकला, मान तिरकी केली, अगदी मी करत होते तशी.

बॅगा मागे टाकल्या, डावीकडचं दार उघडून बसला. सीट मागे सरकवली.

मी क्षणभर बाहेरच उभी. मग उजवीकडे जाऊन बसले. स्टेशनचा उतार संपेपर्यंत धीर गोळा केला आणि म्हटलं, "दसऱ्याला बॉनेटवर मी तेलात हळद लावली होती. डाग पडला होता. मोठा. मी लपवला तुझ्यापासून."

"माहीत आहे."

गाडी बाजूला घेतली.

"आईने दुसऱ्याच दिवशी फोटो पाठवला. म्हणाली, ती आपण होऊन सांगेल तेव्हा ऐक, तोवर तोंड उघडू नको."

"आणि रोज विचारत होतास, गाडी कशी आहे?"

"रोज विचारत होतो."

मला राग आला, खूप. त्याचा, आईंचा. डोळे नाहीत म्हणे, फोटो बरा काढता येतो. आणि रागाच्या खाली इतकं हलकं वाटत होतं की रागावता येईना. तो म्हणाला, "गेला कसा पण? मी तर फिल्मवाल्याशी बोलून ठेवलं होतं, दिवाळीनंतर तुकडा बदलायचं." मी म्हटलं, उन्हात ठेवली. तुझ्या दोन रेघा मारलेल्या उन्हात. तो हसला, मोठ्याने. जूनपासून ऐकलं नव्हतं ते हसणं.

घरापर्यंत मीच चालवली. गेटमधून आत घेताना त्याने चिऱ्याकडे बघितलं नाही. बघितलं असेल तर मला दिसू दिलं नाही.

दापोलीचं तो बोलला नाही. मीही काढलं नाही.

संध्याकाळी आई आणि मी चकल्या करत होतो. बाहेर सु.चा फोन वाजला, भाऊजींचा आवाज दापोलीहून इथवर ऐकू येतो नेहमी. "शेड झाडून ठेवलीय रे. गाडी कधी आणतोस?"

मी हातात सोऱ्या धरून तशीच उभी.

"बघतो," सु. म्हणाला. मग जरा थांबून, "तिला विचारून सांगतो."

आई म्हणाल्या, "पाड गो आता, तेल तापलंय."