फुकट तपासणी

तीर्थस्वरूप भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (ताईचा आवाज उत्तम आहे, हे फोन कानापासून हातभर लांब धरूनही समजतं.) आम्ही इकडे खुशाल.

फोनवर बोलण्यासारखा मजकूर नाही, म्हणून कागद घेतला. पुढच्या महिन्यात मला साठ पूर्ण होतील. बावीस वर्षांपूर्वी पान्यांची एक पेटी घेऊन या देशात आलो, लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, आज हाताखाली सहा माणसं आहेत. पण साठवलेलं सगळं कुठे आहे म्हणाल, तर थोडं इकडच्या बँकेत, थोडं तिकडच्या आणि बाकीचा तपशील माझ्या डोक्यात. मध्यंतरी छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. पण दवाखान्यातून परतताना हिने एवढंच विचारलं, की तुम्हाला काही झालं तर मी कुठल्या बँकेत जाऊन काय सांगायचं? तेव्हा पैशांच्या कामाला एखादा भरवशाचा सल्लागार शोधायचं ठरवलं.

पहिला आपल्याच भाषेचा निघाला. हिचं माहेर विचारलं, मला काका म्हणाला, वाकून पाया पडला. (वाकल्यावर त्याने माझ्या बुटांची किंमत जोखली, ते मी वरून पाहिलं.) फी विचारली तर म्हणाला, "काका, घरच्यांकडून कसली फी?" भाऊजी, मी तिथेच उठलो. आमच्या धंद्यात जो तपासणी फुकट करतो तो दोराच्या किमतीत वसूल करतो, आणि चांगला धडधाकट दोरही बदलायला लावतो. (मला हे कसं माहीत ते विचारू नका. सुरुवातीची दोन वर्षं फार ओढाताणीची होती.)

दुसऱ्याच्या ऑफिसात गालिचा इतका जाड, की स्वतःची पावलं ऐकू येईनात. जिथे काहीच वाजत नाही तिथे कुठेतरी वंगण जास्त झालेलं असतं. त्याने वीस पानी प्रश्नावली दिली. बाजार अचानक कोसळला तर तुम्ही काय कराल, असा एक प्रश्न होता. मी खरं तेच लिहिलं, की एकदा चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये तीन तास अडकलो होतो, तेव्हा डबा खाल्ला. एवढ्यावर त्यांच्या कॉम्प्युटरने मला अत्यंत धाडसी ठरवलं आणि सगळी पुंजी एकाच योजनेत पाच वर्षं घालायला सांगितली. मधेच अडचण आली तर बाहेर पडायचं दार कुठे, असं विचारलं. तो नुसता हसला. आम्ही जिन्याने उतरलो.

तिसऱ्या बाई. किराणा दुकानाच्या वरची एक खोली, कुरकुरणारी खुर्ची, भिंतीवर सरकारी नोंदणीचा कागद. (नंबर मी सरकारी यादीत ताडून पाहिला, जुळला.) बसायच्या आधीच त्यांनी फीचा आकडा सांगितला. कडक होता, म्हणून बरं वाटलं. तिकडच्या कराचं विचारलं तर म्हणाल्या, ते मला माहीत नाही, तिकडचा जाणकार गाठा. तीन ठिकाणं पालथी घातल्यावर ‘माहीत नाही’ हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले. मग मला बाजूला ठेवून त्यांनी हिलाच विचारलं, की यांच्या व्यवहारातलं तुम्हाला काय काय ठाऊक आहे? ही म्हणाली, "यांचा डबा कुठे असतो ते." कोणी हसलं नाही. मी फी भरली.

कागद काढल्यावर कळलं, की तिकडच्या खात्याला वारस म्हणून अजून आईचंच नाव आहे. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. हिचं नाव लावायचा अर्ज मी सही करून लगेच बँकेला धाडला. एकूण काय, माणूस चांगला मिळाला, हे कळवावं म्हणून हा प्रपंच. काळजी नसावी. ताईला नमस्कार.

तुमचा,
पानेवाला

ता. क. : पत्र टाकायचं राहून गेलं, तेवढ्यात तो अर्ज बँकेने परत पाठवला. सही जुळत नाही म्हणतात. त्यांचंही खरं आहे. बावीस वर्षं त्या खात्यावर माझी सही तुम्हीच करत आलात (किरकोळ काम आहे म्हणून गळ मीच घातली होती), आणि मध्ये बँकेने सहीचा नमुना नव्याने मागवला तोही तुमच्याच हातचा. आता माझी सही फक्त तुम्हाला येते. तरी एका कोऱ्या कागदावर ती दहा वेळा करून पाठवा, मी गिरवून बसवतो.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करण्याआधी पत्र बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि वरच्या प्रकाराला कायद्यात काय म्हणतात ते सांगितलं. तो शब्द लिहीत नाही, पत्र ताईही वाचेल. तेव्हा सह्या पाठवू नका. (पत्र नव्याने लिहायला हवं होतं, पण एवढी पानं झाली.) मी तिकीट काढलंय. दोघं मिळून बँकेत जाऊ आणि आहे ते सांगू. बोलणी मी खाईन, गळ माझी होती. हिचं नाव लागल्याशिवाय परतणार नाही.

ता. क. तिसरा : बाईंनी त्या खात्याची सगळी वर्षं तपासली. एका पैशाची गफलत नाही. तुम्ही तर या कामाबद्दल आजवर माझ्याकडून चहासुद्धा उकळला नाहीत, म्हणजे माझ्या नियमाने तुमच्यावर विश्वास ठेवायलाच नको होता. मी येईपर्यंत फीचा आकडा ठरवून ठेवा. कडक असू दे.