हौद्यातले आठ दिवे

जोहे,
१८ जुलै १९९७

प्रिय जगन,

माझ्या हातचं पत्र बघून घाबरू नको, इथं सगळी धड आहेत. अक्षर एवढं मोठं का, असं तुला वाटेल. हौसेने काढलंय. पाच वर्षांनी मला कागदावरच्या रेघा दिसतायत, आता त्यांच्यात अंग चोरून कशाला लिहू? डोळ्यावरची हिरवी पट्टी जाऊन महिना झाला. भिंगाचा चष्मा लावला की कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळंसुद्धा दिसतं. ते दिसल्यावर वैशालीला दोन शब्द ऐकवले, तर पोरगी म्हणते, "आये, ऑपरेशन नसतं केलं तर बरं झालं असतं."

कारखान्यात कामाची नुसती झुंबड आहे. पावसाने मूर्ती वाळत नाहीत, विठूशेठ शेगड्या पेटवून बसलाय आणि दिसेल त्याच्यावर ओरडतोय. पीतांबर, शेले रंगवून झाले. डोळे तेवढे राहिलेत. आखणी शेवटी, गणपती निघायच्या आदल्या दिवशी, ती आपल्या इथली रीतच. एकदा डोळे आखले की तोंडावर फडकं टाकायचं आणि ते गिऱ्हाइकाच्या घरीच उघडायचं. तुझ्या दाजींच्या मागे माझी चूल त्या आखणीच्या ब्रशावरच पेटली, हे तुला वेगळं सांगायला नको.

काल बसल्या बसल्या तुझे दिवे आठवले. चौऱ्याण्णवच्या सालात रामवाडीच्या गॅरेजात तू दिवसभर खपून टेम्पोच्या हौद्यात लावलेस ते. लाकडी पट्टीवर आठ बारीक बल्ब, बॅटरीवरून ओढलेली वायर, बटण मागच्या फाळक्याजवळ, आणि उजेड डोळ्यात जाऊ नये म्हणून वरून पतंगाचा पांढरा कागद. किती हसलो होतो आम्ही. हौद्यावर ताडपत्री बांधली की भर दुपारी आत काळोख होतो, म्हणून दिवे पाहिजेत, इथपर्यंत पटलं. पण शहाणा माणूस ते वर कमानीला लावतो. तू लावलेस गुडघ्याच्या जरा वर. विठूशेठ म्हणालासुद्धा, "जगन, मांजरांसाठी लावलेस काय रे?" तू नेहमीसारखा मान खाली घालून स्क्रू पिळत राहिलास.

ते दिवे कशामुळे लागले ते मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. आज लिहिते. त्याच्या आदल्या साली रोह्याच्या धोंडुबाईंच्या घरी गणपती पोचला, सगळं घर आरतीला उभं, आणि फडकं काढलं तर बाप्पाचं एक बुबुळ समोर आणि दुसरं वर. "आमचा गणपती माळ्यावर काय बघतोय?" असं धोंडुबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. दुसरी मूर्ती आणायला वेळ नव्हता. तसाच बसवला त्यांनी दीड दिवस. विठूशेठने मला विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की मी नीट आखला होता, टेम्पोत ओला रंग पुसला गेला असेल. तू तिथंच उभा होतास. माझ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालास, "व्हय शेठ, माझ्या गाडीत पुसला. खड्ड्यात आदळली."

जगन, तो रंग अर्ध्या तासात वाळतो. लहानपणापासून कारखान्यात येतोस, तुला हे माहीत नव्हतं? पण त्या वेळी मी तेवढा विचार केला नाही. नोकरी वाचली याच्यातच मला आनंद. रोह्यात तुला पोरंसोरं 'पुसक्या जगन' म्हणायला लागली, धोंडुबाईंच्या आळीने तुझ्या टेम्पोत गणपती घालणं सोडलं, हे सगळं माझ्या कानावर आलं. तरी खरं सांगितलं नाही. डोळ्यांपुढे धुकं होतं, सवयीने हात चालायचा, आणि शेठला कळलं असतं तर ब्रश दुसऱ्याच्या हातात गेला असता.

मग पुढच्या साली तू दिवे लावलेस आणि शेठला म्हणालास, "ताईला बरोबर द्या, वाटेत काय झालं तर हात फिरवील." त्या सालापासून दर फेरीला मी हौद्यात पेंढ्यावर गणपतींच्या मध्ये बसून यायला लागले. नागोठण्याला तू गाडी बाजूला घ्यायचास, फाळक्याजवळचं बटण दाबायचास आणि म्हणायचास, "ताय, मी चाय पिऊन येतो. घाई नाय." चांगला अर्धा तास. मला वाटायचं, बरं झालं, ह्याला चहाचं व्यसन आहे. मी भराभर फडकी काढायची, एकेक तोंड न्याहाळायची. पेंढ्यावर बसलं की दिवे नेमके मूर्तीच्या तोंडावर यायचे. एवढ्या जवळून मला दिसायचं. कुठं बुबुळ सरकलेलं, कुठं पापणी जाड. डबीतला ब्रश काढून सगळं सरळ करायची, फुंकर घालून वाळवायची, फडकं टाकायची. तू यायचास तो लांबूनच खोकत. तीन वर्षांत एकही तक्रार आली नाही. मी मनात म्हणायची, कसं फसवलं सगळ्यांना.

मे महिन्यात तुझी शांती दवाखान्यात माझ्यासाठी डबा घेऊन आली. बोलता बोलता मी म्हटलं, ह्या जगनचा चहा तेवढा कमी कर गो. ती म्हणाली, "ह्यांचा चहा? लग्नाआधीपासून बंद हाय. घोट घेतला तरी छातीत जळजळतं."

माझ्या डोळ्याला पट्टी होती आणि डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं होतं. कसं आवरलं ते माझं मला माहीत. पावसात, रस्त्याच्या कडेला, अर्धा अर्धा तास नुसता उभा राहायचास का रे तू? तीन वर्षं? आणि मी धाकट्या भावाला चहाबाज समजत होते. तुझे उपकार फेडायचे म्हटले तर मला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही, म्हणून नुसतं लिहिते, की तू होतास म्हणून माझा हात चालला, वैशाली दहावी झाली, आणि ह्या घरावर कौलं राहिली.

आता पत्र लिहायचं कारण. मोतीबिंदू यंदाच पिकला असं मी शेठला सांगितलं होतं. काल सकाळी जाऊन खरं सांगितलं, त्र्याण्णवपासून सगळं. त्याने शेगडीत कोळसे ढकलले. "बघू" एवढंच म्हणाला. यंदा आखणी मला देईल की नाही ते त्याच्या मनावर. पण धोंडुबाईंकडे मी जाणारच. त्यांच्या अख्ख्या आळीसमोर सांगणार, की तो डोळा माझ्या हातून चुकला, माझ्या भावाच्या गाडीत काही पुसलं नव्हतं. रविवारी टेम्पो घेऊन ये. हौद्यात मी बसणार नाही, पुढं तुझ्या शेजारी बसणार. नागोठण्याला गाडी थांबव. चहा मी पिते, तू नुसता समोर बस.

तुझीच,
सरूताई