न चाखता केलेली शेवळं

१४ जून १९८६, शनिवार
रानभाज्या विकणारी ठकी पहिल्या पावसाची शेवळं घेऊन डोंगरातून उतरली. पाच वर्षं मी तिची शेवळं दारातूनच परत पाठवते आहे. आज कमलाकांतनं मला न विचारता दोन जुड्या ठेवून घेतल्या. म्हणाला, "आई, मस्कतला कोण देणार मला शेवळं?"
सव्वीसला दोघं जाणार. सून ओमना नर्स आहे, तिला तिकडच्या इस्पितळात नोकरी लागली. मी एकटी बोईसरला राहणार, हे घरात कुणी बोलत नाही.

१५ जून
शेवळं केली. हे गेले तेव्हा तेराव्याला यांच्या आवडीचं काहीतरी सोडायचं म्हणून मी शेवळं सोडली. दर वर्षी पहिली जुडी हेच घेऊन यायचे. पानात वाढली की मान खाली घालून खायचे, एक शब्द नाही. चव लागली की माणूस गप्प होतो, असं मला वाटायचं.
पण शेवळं खाजरी. काकडं, ती रानातली आंबट फळं, वाटून घालायची आणि जिभेवर ठेवून बघायचं, खाज मेली का. मी चाखलं नाही. अंदाजानं पाच काकडं घातली.
पहिल्याच घासाला ओमना थांबली. डोळ्यांत पाणी. "अम्मा, गला..." कमलाकांत ताक आणायला पळाला. वर हसतोय — "आईनं सुनेला चांगला निरोप दिला!"
मला हसू आलं नाही. हाताचा अंदाजही गेला म्हणायचा.

१७ जून
दिवसभर बॅगा. पाय भरून आले. चिंचेच्या पुडीच्या कागदावरची गोष्ट वाचली. अर्धीच होती.

२१ जून
ओमनानं ठकीकडून परत जुडी घेतली. चिवट पोरगी. "आज मैं," म्हणाली. तिच्या माहेरची काळी, वाळवलेली आंबट फोड भिजत घातली. कुडंपुळी म्हणते. नारळाचं दूध, कढीपत्ता, वर खोबरेल. कोळंबी मात्र मी सोलून दिली. वास असा सुटला की मला राग आलाय की भूक लागलीय, तेच कळेना.
तळहातावर रस्सा घेऊन माझ्यापुढे धरला. "थोडा चाखो, अम्मा."
मी मान फिरवली. कमलाकांतनं तिला माझं सोडणं समजावलं. ती म्हणाली, "फिर अम्मा अकेला कैसे बनाएगा? चाखेगा कौन?"
मग स्वतःच हात चाटला. खाज नाही. दोघांनी पातेलं पुसून खाल्लं.

२६ जून
गेली. ओमना काळ्या फोडींची बरणी फडताळात ठेवून गेली आहे. सकाळचा भात संध्याकाळी खाल्ला.

२८ जून
ठकी आली. "शेवटची जुडी हाय, बाय. आता नाय मिळायची."
म्हटलं, नको. यांची आवडती होती, मी सोडलीत.
ठकीनं टोपली खाली ठेवली. "दादाची? दादा मला बोलायचा, ठके, मला नाय आवडत, घसा धरतो. मी आपला गिळतो. पण तुझी बाय त्या दिवशी दोन भाकऱ्या खाते. आणत जा, तिला सांगू नको."
मी उंबऱ्यातच बसले. जुडी ठेवून ठकी कधी गेली, कळलं नाही.

२९ जून
शेवळांत एक काळी फोड घातली. तीनदा चाखली. दोन भाकऱ्या खाल्ल्या.