पोरगा परत पाठवणाऱ्या मायला

माय,

आपण जिंकलो. एवढंच सांगायला बसले होते, पण तू असतीस तर लगेच विचारलं असतंस, "कोन जिंकलं, अन् तुले कोनी सांगतलं?" म्हणून नीट, पहिल्यापासून लिहिते. तू गेलीस तेव्हा पंजाबातली ती लढाई चालूच होती आणि दादा तिकडेच होता. शेवट काय झाला ते तुला कळलंच नाही, याचा मला अजून राग येतो. कोणावर ते विचारू नकोस.

ऐंशीनंतरची ती वर्षं आठव. पंजाबात अतिरेक्यांनी बसमधून माणसं खाली उतरवून गोळ्या घातल्याची बातमी रेडिओवर यायची आणि मोहाडीच्या बाजारात बाया तुला गाठून म्हणायच्या, "पोट्टा तिथंच आहे ना वो तुमचा?" तू वांगी निवडत राहायचीस. मग एका चकमकीत दादाच्या मांडीला गोळी लागली. मिलिटरीच्या दवाखान्यातून तो सुट्टीवर घरी आला तो ऐन धानाच्या रोवणीत. पाय भरून आला होता, पण त्या जखमेवर त्याला फौज सोडता येत होती. तहसील कचेरीत कारकून असलेल्या आपल्या मामानं त्याच्यासाठी नोकरीही बघून ठेवली होती. दादाला परत जायचं होतं. पण बाबा गेल्यावर घरात तुझा शब्द शेवटचा, आणि तू विचारलं की म्हणायचीस, "पाहू, रोवनी होऊ दे." मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायची. हो म्हणशील की नाही, काही अंदाज लागत नव्हता.

त्याच आठवड्यात दादाची पेटी घेऊन त्याचा पलटणीतला दोस्त आला. जबलपूरला काही कामानं आला होता, तिथून वाट वाकडी करून. पगडीवाला उंच सरदार एसटीतून उतरला आणि थांब्यावरचा सगळा गलका बंद पडला. मामा तर धापा टाकत घरी आला. "बाई, असा मानूस घरात घेऊन राहिली? पेपर वाचत नाही का तू?" तू पाण्याचा गडवा आधी त्या दोस्ताच्या हातात दिलास आणि मग म्हणालीस, "गोळी लागली तवा माह्या पोराले यानंच खांद्यावर आनलं. तुहा पेपर तवा कुठं होता?" मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पाहुणा आपल्यासोबत शेतावर आला. पॅन्ट वर खोचून थेट बांधीच्या चिखलात उतरला आणि बायांच्या रांगेत वाकून धान रोवायला लागला. आपल्याकडे बाप्ये पऱ्ह्याची रोपं खणतात, पेंढ्या बांधून फेकतात. रोवायचं काम बायांचं. त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार! "सरदारजी, अगुदर लुगडं तं नेसा!" अशी एक ओरडली आणि सगळी बांधी हसून हसून आडवी झाली. आदल्या दिवशी त्याला बघून दार लोटून घेणाऱ्या बायाही त्यात होत्या. काय चाललंय ते न कळता तोही हसत होता आणि आपली वाकडी रांग पुढे नेत होता.

दुपारी धुऱ्याच्या बांधावर आपण जेवायला बसलो. भात, वरण आणि अंबाडीची भाजी. तू त्याला विचारलंस, "बेटा, तुमारे घर कौन कौन है?" हिंदी तुझी अशीच. त्यानं सांगितलं, बाप होता, त्यानं बंदूकवाल्यांना घरात आसरा दिला नाही, म्हणून त्याला दारातच मारलं. आता आई एकटी आहे. गावात दिवस मावळायच्या आत दारं बंद होतात. "माताजी, फौज की गाड़ी की आवाज़ आती है, तब जाकर माँ सोती है।"

तू घास खाली ठेवलास. मामा समोरच होता. तो म्हणाला, "ते सारं खरं. पन आपल्याच पोरानं काहून जावं?" तू खणलेल्या पेंढ्यांकडे हात केलास. "हे पऱ्हे असे धुऱ्यावर टाकून कोनी घरी जाते का? त्या मायले झोप लागते ते आपल्या पोरायच्या भरवशावर. काम अर्धं आहे. हा जाईल." दादा उठला आणि तुझ्या पायावर डोकं ठेवलं. मला तर नाचावंसं वाटलं. माझ्या मायनं एका वाक्यात मामाची कचेरी बंद केली होती! लढाई पंजाबशी नव्हती, बंदुकीच्या धाकावर लोकांना घरात कोंडणाऱ्यांशी होती. हात जोडून ते ऐकणारे नव्हते, तिथं आपले जवानच हवे होते. हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते.

तू गेल्यावर काही वर्षांनी ते अर्धं काम पार पडलं. दादा धडधाकट परत आला. पुढे दोस्ताच्या लेकीच्या लग्नाला आम्ही दोघं त्याच्या गावी गेलो. दिवेलागण होऊन गेली तरी गल्लीतली सगळी दारं उघडी होती आणि ढोल असा वाजत होता की दादाही त्या जखमी पायानं नाचला. दोस्ताची म्हातारी आई मला बाजूला घेऊन बसली. विचारलं, "बेटे को वापस भेजा तो तेरी माँ रोई नहीं?" गावात सगळ्यांना सांगत आले तेच सांगणार होते, की माझी माय रडली नाही. पण त्या बाईसमोर ते तोंडातून निघेना. बस गेल्यावर तू शेतावर येऊन चिखलात बसून कशी हंबरडा फोडून रडलीस, ते सगळं तिला सांगितलं. तिनं डोळे पुसले, ताटातला एक लाडू उचलला आणि म्हणाली, "ये तेरी माँ का।"

ही चिठ्ठी कुठल्या पेटीत टाकणार मी? ट्रंकेत ठेवून देईन. "कोनाले सांगजो नोको," म्हणून त्या चिखलातच तू मला शपथ घातली होतीस. ती मी मोडली, माय. आणि तुझ्या वाट्याचा लाडू मीच खाल्ला.