चेकबुक देव्हाऱ्यात आहे

अहो,

मी कीर्तनाला गिरगावात चालले. पाचला हितेंद्रभावजी फंडाचा फॉर्म घेऊन येतील. त्यांना चहा द्या, ग्रॅच्युइटीचा चेक देऊ नका. सूनबाईने त्यांच्या आणि तिने सुचवलेल्या, अशा दोन्ही फंडांचे कागद मला वाचून दाखवले. दोन्ही निफ्टीच्याच मागे चालणारे, पण भावजींचा वर्षाला शंभरामागे रुपया कापतो, तिचा वीस पैसे. अभंग तोच, चाल तीच, मग बुवांना पाचपट बिदागी कशाला?

मित्राला नाही म्हणणं तुम्हाला जमायचं नाही, म्हणून चेकबुक गणपतीच्या पाटाखाली ठेवलंय. रविवारची तुमची आंघोळ अजून व्हायचीय, आणि पारोशाने देव हलवायचा नसतो. पिंपातलं पाणी मी लादी पुसायला संपवलं, चहापुरतं तेवढं तांब्यात आहे. नळ सहाला येईल.

प्रसादाचा शिरा आणते. भावजींसाठीसुद्धा.

सुभद्रा